उरलेले किलोमीटर

सासूबाईंनी हात पुढे करून हीटरचं बटण बंद केलं आणि हात पुन्हा शालीत ओढून घेतला.

"आई, राहू द्या की. बाहेर केवढा गारठा आहे."

"मला उकडतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

सुनेने बटण पुन्हा सुरू केलं. विजेवरची गाडी अजून किती किलोमीटर जाईल ते सांगणारा स्टिअरिंगमागच्या पडद्यावरचा आकडा एकशे चाळीसवर होता, तो पाहता पाहता एकशे अठ्ठावीस झाला. सासूबाईंचं लक्ष तिथेच होतं. लेकीचं गाव अजून एकशे पस्तीस किलोमीटर दूर होतं, हे त्यांनी नुकतंच रस्त्याकडेच्या पाटीवर वाचलं होतं.

"आता हे बारा कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"कुठे गेले नाहीत. गाडीचा अंदाज बदलला."

"अंदाज कसला? निघालो तेव्हा दोनशे सत्तर दाखवत होती. आपण नव्वद आलो. एकशे ऐंशी उरायला हवेत. मला शाळा सोडून काही इतकी वर्षं झाली नाहीत."

सून हसली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. समोरून वारा येत होता. मोकळ्या माळावर त्याला अडवायला काही नव्हतं. मधूनच गाडीला ढुशी दिल्यासारखा धक्का बसे, आणि मागच्या सीटवर दोरीने बांधलेलं शिलाई मशीन आपल्या लोखंडी पायांवर करकरे.

"हा आकडा पुढचं काही सांगत नाही, आई. मागचं बघून बोलतो. गेले कित्येक महिने मी ही गाडी घर ते दुकान, दुकान ते घर एवढीच चालवली. गावातल्या गावात, सावकाश, दर चौकात थांबत. तिला वाटलं, आजही तसंच जायचंय. म्हणून दोनशे सत्तर म्हणाली. आता हायवे लागला, वेग वाढला, थंडी, समोरून वारा, त्यात हीटर. तिला कळलं की आजचं काम वेगळं आहे. म्हणून कमी करत चाललीय."

सासूबाईंनी आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"तुझे सासरे असेच होते," त्या म्हणाल्या. "दुपारची डुलकी नीट लागली की पुढचं सगळं आयुष्य झकास जाणार. संध्याकाळी पाठीत उसण भरली की मृत्युपत्र काढायचे."

सून मोठ्याने हसली. मग जरा वेळाने सासूबाईंनी विचारलं, "हे तुला गाडीवाल्यांनी सांगितलं?"

"नाही. यांनी."

गाडी त्याची होती, सासूबाईंच्या मुलाची. घेतली तेव्हा तो रोज संध्याकाळी आईला गॅलरीत उभं करून खालून हात करायचा आणि आवाज न करता कशी निघते ते दाखवायचा. दीड वर्षापूर्वी तो गेला, तोही आवाज न करता, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या. त्यानंतर बरेच दिवस गाडी खाली धूळ खात उभी होती. मग एका सकाळी सुनेने फडकं घेऊन ती पुसली आणि चष्म्याच्या दुकानात, जिथे ती डोळे तपासायचं काम करायची, तिथे घेऊन गेली. त्यावर दोघींमध्ये काहीच बोलणं झालं नाही. दोघींमध्ये एकूणच बोलणं कमी होई. सकाळी कुकर कोणी लावायचा, दिवे कोणी मालवायचे, हे न बोलता ठरलेलं होतं, आणि बाकीचंही तसंच न बोलता राहून जाई.

म्हणून सासूबाई एके दिवशी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, की मी आता लेकीकडे राहायला जाते, तेव्हा सुनेने मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. एवढंच झालं. पुढच्या रविवारी पेट्या भरल्या गेल्या.

फोन वाजला. नणंदेचा होता. सुनेने स्पीकर लावला.

"वहिनी, कुठवर आलात? आईला म्हणावं, पलंग खिडकीपाशी लावलाय. पोरांचं टेबल पॅसेजमध्ये हलवलं. जरा अडचण होतेय, पण होईल सवय. आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं. कशाला एवढी हलवाहलव केलीस."

"मग काय तुला स्वयंपाकघरात झोपवू? वहिनी, तू दोन दिवस राहशील ना?"

"उद्या दुकान आहे ताई."

"बरं बरं. सावकाश या."

फोन बंद झाला. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर कापणी झालेली शेतं होती आणि त्यांत काही नव्हतं.

घाटाच्या अलीकडे एक हॉटेल होतं, तिथे चार्जिंगची सोय होती. सुनेने आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवलं होतं. गाडी भरता भरता चहा होईल, आईंना पाय मोकळे करता येतील, असा तिचा बेत. हॉटेलच्या आवारात गाडी वळवली तेव्हाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शटर अर्धं खाली होतं. चार्जिंगच्या खांबावर काळी प्लॅस्टिकची पिशवी ओढून सुतळीने बांधलेली. तरी ती उतरली, पिशवी सोडली, बटणं दाबून पाहिली. पडदा काळाच राहिला. आतून स्वेटर घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "मागच्या आठवड्यात ट्रकने धडक दिली. तक्रार केलीय. घाट उतरलात की खालच्या गावात आहे एक. ते चालू असतं."

"किती लांब?"

"पस्तीसेक किलोमीटर. पण अर्धा चढ आहे."

गाडीत आकडा पंचाहत्तर होता. सुनेने मनात हिशेब मांडला. सपाटीवर पस्तीस म्हणजे काहीच नव्हतं. चढावर किती खाईल, हे तिला ठाऊक नव्हतं. घाटात नेहमी तो चालवायचा, आणि ती शेजारी बसून झोपायची.

ती परत आली तेव्हा सासूबाई मागचं दार उघडून उभ्या होत्या आणि मशीनची दोरी सोडवत होत्या. वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता.

"आई, काय करताय?"

"हे इथे ठेवू. त्या माणसाला विचारते, ठेवून घेईल. परत जाताना तू घेऊन जा, नाहीतर देऊन टाक कुणाला. माझा जन्म पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर गेला गं. ओझं कशाला म्हणतात ते मला नको सांगूस. आणि ही मोठी पेटी. तिच्यात नुसती गोधड्यांची अडगळ आहे."

"त्याने दोन-चार किलोमीटरचा फरक पडेल फार तर."

"दोन-चार तर दोन-चार." त्यांची बोटं थंडीने आखडली होती आणि गाठ सुटत नव्हती. "तुझी वाट माझ्यामुळे अडायला नको."

"आई, बसा गाडीत."

इतक्या वर्षांत तिने सासूबाईंशी असा आवाज कधी काढला नव्हता. स्वेटरवाला माणूस मान वळवून शटरखालून आत गेला. सासूबाईंनी दोरी सोडून दिली. सुनेने गाठ पुन्हा घट्ट केली, दार लावलं आणि त्यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली, त्या बसेपर्यंत.

घाट लागला तेव्हा हीटर बंद होता, आणि तो सुनेने स्वतः बंद केला होता. काचा धुरकट होऊ लागल्या. सासूबाई पदराच्या टोकाने काच पुसत होत्या, आधी आपल्या बाजूची, मग वाकून समोरची. सून गाडी अगदी हळू चालवत होती. मागून ट्रक हॉर्न वाजवत यायचे, चिडून पुढे जायचे. एका वळणावर आकडा बावन्न होता, पुढच्यावर अठ्ठेचाळीस, आणि मधलं अंतर जेमतेम दीड किलोमीटर. सुनेचे तळवे ओले झाले होते. ती एकेक हात सुटा करून गुडघ्यावर पुसत होती.

सासूबाईंनी शाल काढली आणि तिच्या मांडीवर टाकली.

"तुम्हाला हवी ती."

"तू चालव."

चाळीसनंतर सासूबाईंनी आकड्याकडे बघणं सोडलं. त्या डोंगराकडे बघू लागल्या, आणि मग त्यांनी एकदम, जणू मधेच सोडलेलं वाक्य उचलावं तसं म्हटलं, "त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस."

सुनेने वळण पुरं केलं.

"तुम्ही विचारलं कुठे होतं? तुम्ही ठरवून सांगितलंत."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"भिडेपोटी म्हणाली असतीस. आणि मी राहिले असते. तुझं वय काय, माझं काय. सकाळी उठून माझ्या गोळ्या, संध्याकाळी माझं दूध. त्यात तुझं पुढचं कधी सुरू व्हायचं?" त्यांनी काच पुसली, ती पुसायची गरज नव्हती. "दीड वर्ष बघतेय. दुकानातून येतेस, जेवतेस, झोपतेस. मला वाटलं, मी समोर दिसते म्हणून तुला तोच आठवतो."

आकडा तेवीस झाला. समोरचा एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होता आणि सून त्याच्यामागे शांतपणे राहिली.

"मला वाटलं," शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला त्या घरात यांच्याशिवाय करमत नाही. ताई तुमच्या पोटची. मी कोण तुम्हाला अडवणारी."

"अगं," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या मांडीवरून घसरणारी शाल त्यांनी नीट केली.

माथ्यावर पोचल्या तेव्हा एकोणीस उरले होते आणि गाडीने लाल दिवा लावून एक बारीक घंटी वाजवली. सासूबाई दचकल्या. सुनेने गाडी कडेला घेतली नाही, की वेगही वाढवला नाही. उतार लागला, तिने पाय वर घेतला आणि गाडी आपल्याच वजनाने खाली जाऊ लागली. दोनतीन वळणं तशीच गेली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

आकडा एकवीस होता.

"वर कसा गेला?"

"उतारावर चाकं बॅटरीला वीज परत देतात. थोडी. आणि आता तिला वाटतंय, पुढेही सगळा उतारच आहे."

"वेडी आहे बिचारी," सासूबाई म्हणाल्या. पण त्या प्रत्येक वळणानंतर आकडा मोठ्याने वाचू लागल्या. चोवीस. सव्वीस. सुनेने हीटर लावला तेव्हा तो दोनने उतरला, आणि या वेळी कोणीच बटणाला हात लावला नाही. खालच्या गावातली घरं दिसू लागली तेव्हा एकतीस होते, आणि दोघींच्या बोटांत पुन्हा ऊब आली होती.

चार्जिंगचा खांब एका टायरच्या दुकानाशेजारी होता आणि तो चालू होता. सुनेने केबल लावली. शेजारच्या टपरीतून दोन ग्लास चहा आणला. गाडीत बसून त्या तो प्यायल्या. सासूबाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता, वाफ चेहऱ्यावर घेत. पडद्यावर आकडा हळूहळू चढत होता. पन्नास. साठ. सत्तर.

"तिचं घर इथून किती?"

"साठ. आता निघालो तरी पोचू. तरी जरा जास्त भरून घेते."

सासूबाईंनी मान हलवली. टायरच्या दुकानातला माणूस एक टायर पाण्याच्या टबात फिरवत बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला भोक सापडलं. त्याने त्यावर खडूने गोल केला.

"आणि आपलं?"

"आपलं काय?"

"आपलं घर. इथून किती?"

सुनेने ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. तो नीट बसला नाही, म्हणून पुन्हा उचलला.

"एकशे पासष्ट," ती म्हणाली. "वर पुन्हा घाट."

"म्हणजे त्याला बरंच भरावं लागेल."

"हो. तास-दीड तास बसावं लागेल."

सासूबाईंनी उरलेला चहा संपवला. रिकामा ग्लास त्यांनी सुनेच्या ग्लासात बसवला आणि दोन्ही तिच्या हातात दिले.

"बसू की मग," त्या म्हणाल्या. "आणि येताना अजून दोन आण. साखर जरा बेताची सांग."