चेहरा शेवटी

आम्हा कॉन्स्टँटिनोपलच्या कारागिरांचा एक नियम आहे. चर्चच्या भिंतीवर काचतुकड्यांनी सम्राट घडवायचा तो पायांपासून. जोडे, झगा, मोती, मुकुट सगळं सावकाश होऊ द्यायचं. चेहरा अगदी शेवटी, आणि तोही राजवाड्याकडून दोनदा विचारणा झाल्यावर. झगा काय, कोणालाही होतो.

माझा मेहुणा वर्दास कामाला नवा, त्यात कष्टाळू. मी सकाळी स्नानगृहात गेलो तेवढ्यात त्याने चेहरा बसवून टाकला. साम्य इतकं साधलं होतं की सम्राट आता कर वाढवतील असं वाटावं.

दुपारी रथांच्या मैदानातून आरडाओरडा ऐकू आला. शर्यतीतले हाडवैरी हिरवेवाले आणि निळेवाले एका सुरात ओरडत होते, म्हणजे काहीतरी भयंकर घडलं होतं. मासळीवाल्याने बातमी दिली, सम्राट नावेत बसून पळाले. थ्रेसचा सेनापती सोनेरी वेशीतून आत आलाय आणि देवाचे आभार मानायला संध्याकाळी आमच्याच चर्चमध्ये येणार आहे. जुन्या सम्राटाच्या माणसांना आमच्याकडे मारत नाहीत; तापल्या सळईने डोळे तेवढे काढतात. वर्दास भिंतीसमोरच खाली बसला.

"दाजी, मी फक्त काम केलं हो."

"तेच म्हणतोय. कोणी सांगितलं होतं?"

चुना अजून ओला होता. नाक, गाल, दाढी, दोघांनी मिळून सगळं उपटलं. नवा चेहरा बसवावा तर तो आम्ही पाहिलेलाच नव्हता. मी दारापर्यंत चारदा जाऊन आलो. मुकुटाखाली नुसता चुना उरला होता, तेवढ्यात घोडे आले.

नव्या सम्राटांनी भिंत बराच वेळ न्याहाळली. "हे काय?"

"आपली जागा ठेवलीय, महाराज," मी म्हणालो.

ते खूश झाले. मग जरा थांबून विचारलं, "किती दिवसांपासून?"

त्यांनीच बोट लावून पाहिलं, चुना ओला होता. ते समजले.

"आत्ता बसवा. मी इथेच थांबतो. आणि चुना घट्ट लावा."

वर्दासने दिवे लागायच्या आत चेहरा पुरा केला. डोळे जरा मोठे झाले, पण त्या दिवशी त्याच्या मनात दुसरं काय असणार.

घरी जाताना तो जुने तुकडे समुद्रात टाकायला निघाला. मी थैली काढून घेतली. "राहू दे रे. आपल्याकडे गेलेले परत येतात."

तेव्हापासून तो झग्याच्या काठाचे मोतीच बसवतो. काल घंटा अवेळी वाजल्या. वर्दास शिडीवरून उतरला आणि जुन्या चेहऱ्याची थैली घेऊन आला. मी भिंतीवरच्या चेहऱ्यावर नख मारून पाहिलं. चुना चांगलाच घट्ट झाला होता.