अनसाबाईंची गाठ आणि माझी पानं

मी एक जुनं सीताफळाचं झाड आहे. खुटबावला हरिबांच्या विहिरीशेजारी, बांधावर उभा आहे. मला कुणी लावलं नाही. वाटेनं जाताना कुणीतरी थुंकलेल्या बीतून मी उगवलो. हरिबांची बायको अनसाबाई यांनी भांडी विसळलेलं पाणी ओतून मला जगवलं. दुपारची भाकरी त्या माझ्याच सावलीत खात. एखाद्या दिवशी पलीकडच्या कडुलिंबाखाली बसल्या, की मला भाजल्यासारखं व्हायचं. मित्रांनो, ते माणूस माझं होतं.

त्यांची सून रुपाली शिरूरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. एकदा तिनं माझी पानं पिशवी भरून नेली, लिंबाचीही नेली. सुट्टीत आल्यावर तिनं सासूला सांगितलं, की सीताफळाच्या पानांचा अर्क काचेच्या बशीतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला तर त्या मेल्या, आणि चांगल्या पेशी बऱ्याचशा वाचल्या. लिंबाचं तिनं नावही काढलं नाही. मी किती डोललो म्हणून सांगू!

पुढं अनसाबाईंच्या छातीत गाठ आली. त्यांनी ती घरात कुणालाच सांगितली नाही. रोज सकाळी माझी पानं तोडायच्या, दगडावर ठेचून रस प्यायच्या. त्यांना मळमळायचं, जेवण जाईना, गाठ तर वाढतच होती. तरी त्या पानं तोडत राहिल्या आणि मी हौसेनं नवी फुटवत राहिलो. ही बाई बरी होणार ती माझ्यामुळंच, दुसऱ्या कुणामुळं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एका सकाळी रुपाली मागोमाग बांधावर आली आणि तिनं विचारलं, हा रस कशासाठी. अनसाबाईंनी गाठीचं सांगून टाकलं.

“तूच म्हनली व्हतीस न्हवं, ह्याच्या पानानं त्या पेशी मरत्यात म्हून?”

रुपालीनं त्यांच्या हातातली पानं काढून घेतली.

“बशीतल्या मेल्या, आत्या. बशीला काळीज न्हाई, नसा न्हाईत. तुमच्या अंगाला हे किती झेपंल, कुणालाच ठाव न्हाई अजून. ह्याच्या बियांची पूड उवा मारायला लावता, ती डोळ्यात गेली तर?”

“डोळा जातोय,” अनसाबाई हळूच म्हणाल्या.

त्यांचा मुलगा बिरदेव कारेगावला राहून कंपनीत काम करायचा. तो रजा काढून आईला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. गाठ कॅन्सरचीच निघाली. मग कित्येक महिने घरात एकच शब्द, सलाईन; औषध त्यातूनच जायचं. त्या सलाईनचा मला असा हेवा वाटला, की त्याचा गुण येऊ नये, असंही एकदा मनात आलं.

उपचार चालू असतानाच हरिबा कुऱ्हाड घेऊन आले. ह्या झाडापायी उशीर झाला, असं ते म्हणत होते. डोक्याला फडकं बांधलेल्या अनसाबाई मागून आल्या आणि त्यांनी दांड्यावर हात ठेवला.

“त्याचा काय दोष? म्याच गप बसली.”

त्या माझ्या बुंध्याला टेकून बसल्या. तेव्हा रुपालीनं सांगितलं, की सलाईनमधलं एक औषध मुळात परदेशातल्या एका झाडाच्या सालीत सापडलं होतं.

“मंग ते झाड ह्याच्यापरास चांगलं?”

“चांगलं न्हाई, आत्या. तपासलेलं. त्यातलं नेमकं काय घ्यायचं आन् किती द्यायचं, हे ठरवायला लई वर्षं गेली.”

न पाहिलेल्या त्या झाडावर मी आतून जळलो. माझी सावली होती, फळं होती, पण अनसाबाईंच्या रक्तात ते शिरलं होतं.

गाठ लहान झाली, मग ऑपरेशन करून काढली. रुपाली अजून माझी पानं नेते. त्यांचं कधी औषध होईल की नाही, तिलाही माहीत नाही.

मित्रांनो, गाठ हाताला लागली तर ती झाडाला सांगू नका, घरात सांगा, डॉक्टरला दाखवा. ऐकीव गोष्टीवर माझी पानं ओरबाडू नका. तपासणीच्या दिवशी अनसाबाई एस.टी.नं पुण्याला निघतात, तेव्हा माझा अजूनही जळफळाट होतो. होऊ दे. संध्याकाळी त्या परत येतात.