श्यामा, नर, सात वाजून बारा

राजूरची पहिली एसटी रिकामी जाते.

श्यामा: पाठ काळी, पोट तांबूस, शेपूट लांब. झाडीत दिसत नाही. गाण्यावरूनच ओळखायचा.

"प्रणिता, तुझ्या पोटात काही राहत नाही. सगळं तोंडावर उमटतं." माझी आई, अनेकदा.

नियम चौथा. न दिसलेला, नुसता ऐकलेला पक्षी दोघांनी ऐकला असेल तरच वहीत. शरच्चंद्र सरांनी ऐकला असेल तर एकट्यांचं चालेल.

मे. करवंदं काळी.

चौथा नियम आमच्याच गटाने केला होता. सर नगरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. इथल्या जंगलातली आमची पक्षिगणना त्यांच्या कानांवर चालायची. गटातल्या अनिमेषला मात्र दोन वर्षं संशय होता: सर ऐकत नाहीत, बघतात. बोलणं ओठांवरून वाचतात, कुणाची मान वळली की तिकडे वळतात. कुठल्या ओढ्यावर कुठल्या महिन्यात कोण गातं हे त्यांना पाठ, त्यामुळे नाव बहुतेक वेळा बरोबरच येतं.

"जूनच्या गणनेआधी सोक्षमोक्ष लावू," अनिमेष म्हणाला. "खरं निघालं तर सरांना घरी बसवायचं."

"काहीच गात नसेल तेव्हा विचारायचं," मी म्हणाले. युक्ती माझी.

सात वाजून बारा. ओढ्याच्या वर आम्ही चौघं: सर, अनिमेष, मी आणि वाट दाखवायला गावातला बन्सी. वारा पडलेला. एकही पाखरू बोलत नव्हतं. मी थबकले, डावीकडे मान वळवली, भुवया उंचावल्या. ऐकल्याचा आनंद चेहऱ्यावर आणला.

सरांनी लगेच मान डावीकडे कलती केली. डोळे मिटले.

"श्यामा," ते म्हणाले. "नर."

"कुठं हाय..." बन्सीने तोंड उघडलं. अनिमेषने त्याचं मनगट दाबलं.

एवढ्यावर काम झालं होतं. तरी मी विचारलं, "सर, एकच?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवया आणखी वर नेल्या.

"छे. मादी उत्तर देतेय. खालून."

"वा. मला नसतं कळलं."

सरांनी वहीत नोंद केली. वेळेसकट. अक्षर अजून सुंदर.

राजूरला हॉटेलात चहा आला. मी सरांकडे पाठ केली आणि मोठ्याने म्हणाले, "ठार बहिरे झालेत. मघाशी तिथं चिमणीसुद्धा नव्हती."

अनिमेष हसला. गल्ल्यावरचा माणूस हसला. सरांनी त्यांचे चेहरे पाहिले आणि तेही हसले, थोडे उशिरा.

बन्सीने कप खाली ठेवला. सरांच्या पुढ्यात जाऊन बसला आणि एकेक शब्द सावकाश बोलला. "सर, वर काय बी वरडत न्हवतं. या ताईनं सोंग केलं. तुमी उगं नाव घेतलं."

सर माझ्याकडे वळले. माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांनी वाचलं असणार. मी ते पुसायचा प्रयत्न केला नाही.

त्यांनी वही उघडली. चष्म्याच्या घराची कड धरून श्यामाच्या ओळीवर सरळ रेघ मारली. मग तिच्या वरच्या ओळीवर. पान संपलं. मागचं पान. एप्रिल, मार्च. गेल्या वर्षीचा जून. एकेक रेघ, घाई नाही.

"दोन वर्षांच्या नोंदी खोट्या धर," अनिमेष माझ्या कानात म्हणाला. "म्हणालो होतो ना?"

दोन वर्षं मागे पडली. तिसरं सुरू झालं.

"सर, कुठपर्यंत?" मी विचारलं.

त्यांची मान खाली होती. त्यांना कळलं नाही.

शाळेच्या शिबिरात सर मला पहिल्यांदा या जंगलात घेऊन आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या दिवशी मला आवाजावरून एकही पक्षी ओळखता आला नाही. तरी वहीत माझ्या नावापुढे सरांनी चार पक्षी लिहिले.