लाल यादी

दगड खिडकीच्या गजावर आपटला. सुनीतीनं कीबोर्डवरचे हात न उचलता विचारलं, "बाबा, लागलं का?"

"आपल्याला नव्हता तो," उद्धवराव म्हणाले. "गाडीवाल्यांचं आपसात चालू आहे."

जानेवारी संपत आला होता. आखाडा बाळापूरच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग बसस्टँडच्या पुढं गेली होती. लोक तीन-तीन दिवस गाडीखालीच झोपत होते. आत्ता फाटकापाशी दोघं एकमेकांच्या उरावर बसले होते. एकाच्या नाकातून रक्त येत होतं आणि वॉचमन प्रभू दोघांनाही काठीनं ढोसत होता.

उद्धवराव फाटकावरचे कारकून. पूर्वी नंबराच्या चिठ्ठ्या हातानं लिहायचे, तेव्हा दर हंगामात वशिल्याचा आरोप व्हायचा. एकदा त्यांची कॉलर धरली गेली. म्हणून सुनीतीनं पुण्याहून येऊन हा प्रोग्राम लिहून दिला होता. गाडीवाल्याचं नाव घालायचं, चिठ्ठी छापून बाहेर.

"माझ्या पोरीचं मशीन तोंड पाहून नंबर देत न्हाई," असं ते रांगेला ऐकवायचे.

प्रोग्रामात एक खोट होती. प्रत्येक चिठ्ठीमागं तो मशीनच्या मेमरीतली थोडी जागा घ्यायचा आणि परत द्यायचा नाही. चारेकशे चिठ्ठ्या झाल्या की मशीन भरून गच्च व्हायचं. हे ओळखायला तिनं आत एक तपासणी ठेवली होती: प्रोग्राम बंद करताना, परत न आलेल्या जागांची यादी काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत यायची. उद्धवराव रोज बाराला प्रोग्राम बंद करून अडकलेली जागा मोकळी करायचे, यादी डोळ्यांखालून घालायचे, "पोट साफ झालं," म्हणायचे आणि पुन्हा चालू करायचे.

"आता ह्या यादीचंच भांडण आहे," ते म्हणाले. "लोकं खिडकीतून बघतात. म्हणतात, लाल अक्षरात मालकाच्या माणसायची नावं हायेत. त्यायच्या गाड्या आधी घेता. तेवढं दुरुस्त करून जा, बाई."

तीन दिवस ती शोधत होती. जागा कुठं अडकते ते सापडत नव्हतं. चारची बस होती, सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं होतं. बाहेर कुणीतरी किंचाळलं. प्रभूची काठी मोडल्याचा आवाज आला.

तिनं तपासणीच्या ओळीत एकाचा शून्य केला, म्हणजे तपासणी बंद. प्रोग्राम पुन्हा तयार केला, चालू केला, बंद केला. पडदा काळा राहिला.

उद्धवराव चष्मा सारून जवळ आले. "यादी न्हाई आली?"

"नाही."

"म्हणजे झालं दुरुस्त?"

"झालं."

"मग आता बाराला बंद करायची तकलीफ न्हाई?"

तिनं पिशवीची चेन ओढली. ती मध्येच अडकली. "नाही," ती म्हणाली.

त्यांनी पडद्यावरची धूळ उपरण्यानं पुसली. बसपर्यंत पिशवी त्यांनीच धरली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते प्रभूनं तिला सांगितलं, डोक्याला नऊ टाके असताना.

दुपारी साडेबाराला मशीन थांबलं. उद्धवरावांनी कळ दाबली, पुन्हा दाबली. नेमका तेव्हाच आधी चिठ्ठी मिळालेला एक ट्रॅक्टर फाटकातून आत गेला. रांगेतून ओरडा झाला, "मशीन बंद करून गाडी घातली! काल यादी लपवली, आज मशीन बंद!" रांगेतल्या शिवहारचा बैल सकाळीच जुवाखाली पडला होता, तोंडातून फेस काढत. तो उठला नाही. शिवहारनं जुवाची लाकडी शिवळ उपसली आणि दार लाथेनं उघडलं. त्याच्यामागं वीस-पंचवीस जण आत घुसले. प्रभूच्या डोक्यात पहिली बसली. प्रिंटर फरशीवर आपटला. खिडकीची तावदानं गेली.

"ताई, सायबांना पळता येत व्हतं," प्रभू म्हणाला. "मागचं दार उघडंच व्हतं. पण ते मशीनवर पालथे पडले. दोन्ही हातांनी धरलं. म्हणले, मला मारा, पोरीचं हाये ते."

शिवळ तीनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ते ओरडले नाहीत.

मशीनवर ओरखडाही नव्हता. पोलिसांनी पंचनामा करून बाराव्या दिवशी ते घरी पोचतं केलं. सुनीतीनं ते मागच्या खोलीत लावलं. शून्याचा एक केला. यादी आली तशी ओळीमागून ओळ वाचत गेली. पाऊण तासात जागा सापडली. गाडीवाल्याचं नाव चिठ्ठीवर छापून झालं की त्याची जागा सोडून द्यायची होती. तेवढी एक ओळ लिहायची राहिली होती. कीबोर्डच्या फटींत काहीतरी तपकिरी वाळलं होतं. तिनं पदर ओला केला, मग तसाच हातात धरून बसली.

तेराव्याला जेवणं उठल्यावर उंबऱ्याबाहेर एक बाई येऊन बसली. चप्पल फाटकाबाहेरच काढून आली होती. प्रभूनं तिला ओळखलं आणि कोपऱ्यातली काठी उचलली.

"ऊठ इथून! लेकानं जीव घेतला, आता जेवाया आली व्हय?"

"जेवाया न्हाई आले." ती शिवहारची आई, सिंधूबाई. दंडावर काळं-निळं होतं. गावातल्यांनी की पोलिसांनी, कुणी विचारलं नाही. "मारायचं तर मार. माझ्या पोराला फाशी व्हऊ दे. त्यानं केलं ते केलं. मी येवढंच इचारायला आले." ती सुनीतीच्या आईकडं बघत होती. "बाई, तुमच्या मालकानं काहून बंद केलं व्हतं मशीन?"

सुनीतीची आई, राधिकाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवस येणारा प्रत्येक जण हेच कुजबुजून गेला होता: माणूस चांगला, पण केलं असंल बंद, जिनिंगच्या मालकाच्या दबावानं. त्यांच्या भावानंही सकाळी तेच म्हटलं होतं.

"केलं नसंल त्यांनी," राधिकाबाई म्हणाल्या. "केलं असंल तर... मला काय ठाऊक, बाई. मला काय समजतं त्यातलं."

असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. नवऱ्याच्या नावानं त्या पहिल्यांदाच मान खाली घालत होत्या.

प्रभू काठी उगारून पुढं झाला. सुनीतीनं काठीचं टोक धरलं. काठी तिच्या तळहातातून सरकली, कुसळ खोल घुसलं. तिनं सोडली नाही. मग ती उंबरा ओलांडून सिंधूबाईच्या शेजारी जमिनीवर बसली, आईकडं तोंड करून.

"बाबांनी मशीन बंद केलं नाही," ती म्हणाली. "ते भरून थांबलं. भरतं आहे हे सांगणारी ती लाल यादी होती. त्यात कुणाचीच नावं नव्हती. यादी मी बंद केली, आई. आणि बाबांनी विचारलं, दुरुस्त झालं का, तर मी झालं म्हणाले."