माझ्या पोटातले तांदळाचे तीन दाणे

मित्रांनो, माझी कहाणी सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी पाण्यावर गाडी चालवत नव्हते. पाण्यावर गाडी चालत नाही. मी एक जुनी हायड्रोजनची पेटी आहे, आणि माझ्याविषयी जे खोटे बोलले गेले त्यातले हे पहिले.

शिलुओ गावच्या घाऊक भाजीबाजारामागे त्सेंग मिस्त्रींचे दुकान आहे. तिथे माझा जन्म झाला. स्टेनलेस स्टीलच्या सात पट्ट्या, त्यांच्यामध्ये रबराच्या चकत्या, वर झाकण आणि झाकणातून निघणारी नळी. पोटात पाणी. गाडीची वीज पट्ट्यांतून गेली की पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, नळीवाटे इंजिनात जातात आणि डिझेलबरोबर जळतात. पण शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. तिला वाट मिळावी म्हणून पाण्यात क्षार विरघळवावा लागतो. कोणता क्षार, या एका प्रश्नावर माझे सारे आयुष्य उभे होते.

माझा मालक ल्याओ जिन-मू. बाजारात सगळे त्याला आ-मू म्हणत. तो आपल्या लहानशा निळ्या ट्रकमधून ताइचुंग शहरात कोबी पोहोचवी. शेजारच्या आसनावर त्याची बायको बी-ल्येन असे; वाटेत ती हिशेबाने दोन डुलक्या काढी, एक जाताना आणि एक येताना.

मला त्याच्या हवाली करताना मिस्त्री म्हणाले, "आ-मू, आधीच सांगतो. हिला लागणारी वीज इंजिनच बनवतं, आणि इंजिन डिझेल पितं. उजव्या खिशातलं डाव्या खिशात घालून कोणी श्रीमंत होत नाही."

"मिस्त्री, तुम्ही द्या हो. पलीकडच्या गल्लीतल्या ट्रकला आहे, मग माझ्याच ट्रकनं काय पाप केलंय?"

"मग नीट ऐक. पाणी फक्त ऊर्ध्वपातित, बॅटरीत घालतात ते. क्षार फक्त पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तोही मी मोजून देईन तेवढाच. तो कातडी जाळतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा. पण वायूत विष मिसळत नाही. स्वयंपाकघरातलं मीठ चुकूनही घालायचं नाही. मिठातून क्लोरीन सुटतो, तो विषारी असतो. आणि पेटी राहील बाहेर, हौद्याखाली. केबिनमध्ये अजिबात नाही."

"शब्द देतो."

बी-ल्येन हसली. "ह्याचा शब्द? माझ्याकडं ढीग पडलाय, मिस्त्री. लग्नातला एक तर अजून वापरायचाय."

दोन वर्षे मी हौद्याखाली इमानाने राहिले. आ-मू बाजारभर सांगत फिरे, "निम्म्या डिझेलवर धावते माझी गाडी!" हे खरे नव्हते. फरक इतका किरकोळ होता की तो माझ्यामुळे पडतो की बी-ल्येनने त्याला सावकाश चालवायला लावल्यामुळे, हे सांगता आले नसते. पण हमाल कौतुकाने वाकून मला पाहत, आणि मला ते आवडे. खोट्या स्तुतीला मीही बळी पडले, हे कबूल केले पाहिजे.

मग गाडीची तपासणी आली. बाहेर जोडलेले असे काही तपासणीत चालत नाही, म्हणून आ-मूने मला काढून आसनामागे घोंगडीखाली लपवले. तपासणी झाली, पण मी तिथेच राहिले. त्याने नळी तिथूनच इंजिनापर्यंत नेली. पुढे ऊर्ध्वपातित पाणी संपले तेव्हा त्याने विहिरीचे घातले. त्या पाण्यातल्या चुन्याची पुटे माझ्या पट्ट्यांवर चढली आणि बुडबुडे मंदावले. मिस्त्रींकडे जाणे हा सरळ उपाय होता. पण मग मी कुठे बसवली आहे हेही सांगावे लागले असते.

त्याच आठवड्यात वाटेत त्याला एक उलटलेला ट्रक दिसला होता. अशा जागेवरून किंवा प्रेतयात्रेजवळून गाडी गेली की बाधा होऊ नये म्हणून इकडे देवळातून आणलेले मीठ-तांदूळ उधळतात. त्याची लाल कागदाची पुडी आमच्या आरशाला टांगलेली असे. एका थांब्यावर बी-ल्येन सूप प्यायला खाली उतरली होती. आ-मूने पुडी सोडली, बोटांनी तांदूळ बाजूला सारले आणि माझे झाकण उघडले.

"काहीतरी चिकटलंय तुला," तो मला म्हणाला. "बाधाही जाईल आणि वीजही वाहील. मिस्त्री स्वयंपाकघरातलं म्हणाले होते. हे देवळातलं आहे."

त्याने झाकणावर प्रेमाने थाप मारली. मित्रांनो, ती थाप मला अजून आठवते.

इथे मला अचूक बोलले पाहिजे. मीठ लागू पडले. वीज धावली, बुडबुडे उसळले, आणि आ-मूने आरशाकडे पाहून हात जोडले. मीठ लागू पडले म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घातले गेले. क्लोरीनचा काही भाग पाण्यात राहिला, उरलेला वर आला. मिठाने पट्ट्या खाल्ल्या, मग झाकणाची चकती सैल झाली. त्या फटीपासून बी-ल्येनचे डोके वीतभर अंतरावर होते.

ती खोकू लागली.

"कोबीवरचं औषध आहे ते," आ-मू म्हणाला.

"मग तू का नाही खोकत? तूही तोच कोबी वाहतोस ना?"

"माझी काच उघडी असते. तुलाच थंडी वाजते."

मला तोंड नव्हते. होती ती एक फट, आणि तिच्यातून मी तेच बाहेर टाकत होते जे माझ्यात घातले गेले होते.

एका दुपारी बाजाराच्या आवारात बी-ल्येन ट्रकमधून उतरली आणि कोबीच्या पेटाऱ्यावर बसली ती उठेचना. ओठ निळसर, श्वास अडकलेला. हमालांनी मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी केबिनचे दार उघडले मात्र, आणि मागे सरले.

"पोहण्याच्या तलावाचा वास येतोय. पेटी कुठाय?"

आ-मूची नजर आसनामागे गेली. मिस्त्रींनी दोन्ही दारे सताड उघडली, घोंगडी ओढली, तार तोडली. तेव्हा आ-मू जमलेल्या लोकांकडे वळला. "बघा! ह्यांच्या हातची पेटी! पहिल्यापासूनच खोट होती हिच्यात!"

दोन वर्षे जो माझ्या जिवावर मिरवला, त्याने एका वाक्यात मलाही विकले आणि मला घडवणाऱ्यालाही. लोक मिस्त्रींकडे संशयाने पाहू लागले.

"काय घातलं होतंस?" मिस्त्रींनी शांतपणे विचारले.

"तुम्ही दिलेलाच क्षार."

मिस्त्रींनी हातमोजे चढवले आणि मला एका पांढऱ्या घमेल्यात पालथे केले. तपकिरी-हिरवा गाळ पडला. गाळात तांदळाचे तीन दाणे होते, कागदासारखे पांढरेफटक.

बी-ल्येनने घमेल्यात पाहिले. मग आरशाखाली लोंबणाऱ्या रिकाम्या लाल कागदाकडे पाहिले.

"मिस्त्री," ती धापा टाकत म्हणाली, "तुमच्या क्षारात तांदूळ पण असतात का हो?"

"नाही, वहिनी."

"आपल्याला सांभाळायला आणलं होतं रे ते मीठ," ती नवऱ्याला म्हणाली. एवढेच. मिस्त्रींच्या गाडीतून ती दवाखान्यात गेली. नऊ दिवसांनी परतली. जिना चढताना तिला अजून मध्येच थांबावे लागते. ताइचुंगला जायचे असेल तर ती बसने जाते.

मी आता मिस्त्रींच्या फळीवर असते, झाकणाविना. अशी पेटी मागायला कोणी आला की ते आधी माझ्या खाल्लेल्या पट्ट्या दाखवतात, मग बाटलीत ठेवलेले ते तीन दाणे. बहुतेक जण परत जातात.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणत नाही. माझी वेळ निघून गेली. पण यंत्राला देवळातले आणि स्वयंपाकघरातले यांतला फरक कळत नाही, एवढे ध्यानात ठेवा. तो तुम्ही आपल्या सोयीसाठी केलेला असतो. कुठलेही झाकण उघडण्यापूर्वी हातात काय आहे ते पाहा. आणि मग एकदा वळून पाहा, शेजारच्या आसनावर विश्वासाने कोण झोपले आहे.