सात पेट्यांची साक्ष

पेट्या सात. गच्च्या सात, एकाच शहराच्या तीन वस्त्यांत: चार हजीऱ्यात, दोन किला गेटला, एक थाटीपुरात. प्रत्येक पेटीत एक तापमापक, एक सिमकार्ड आणि एक चिप. करारात काम थांबवायची हद्द चव्वेचाळीस अंश. सोमवारी दुपारी दोनला नोंदलेला आकडा अडतीस पूर्णांक सहा.

त्या आकड्यामुळे सोमवारी दगडाच्या कारखान्यात काम थांबलं नाही, आणि तीन वाजता बळवंत छिन्नी हातात असतानाच कोसळला.

मंगळवारी सकाळी नऊला यशश्री हजीऱ्यात बळवंतच्या घराचा जिना चढत होती. ही यंत्रणा तिनेच बसवली होती. ब्लॉकचेनवरचा करार म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम; त्याला बाहेरचं जग दिसत नाही. ऊन किती आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. धंद्यात अशा सांगणाऱ्याला ऑरॅकल म्हणतात. बळवंतची आई सुलोचनाबाई त्याला साक्ष म्हणायच्या. दुपारी दोनच्या साक्षीत हद्द गाठली गेली, तर दोन ते पाच काम बंद, रोजी पूर्ण. ठेकेदार दिग्विजयसिंह एवढंच मानायला तयार झाला होता.

पेट्या कामगारांच्याच घरांवर होत्या. मागच्या उन्हाळ्यात आकडे उघडे होते, आणि ज्याच्या छतावर सगळ्यात जास्त ऊन नोंदलं गेलं त्याला दिग्विजयसिंहाने महिन्याभरात कामावरून काढलं. म्हणून यंदा प्रत्येक पेटी आपला आकडा कुलूपबंद करून पाठवायची. बाहेर यायचा तो फक्त सातही क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा आणि तो बरोबर काढल्याचा पुरावा. कुठल्या घराने काय सांगितलं हे यशश्रीलाही कळत नसे. तसं तिने सातही घरांत बसून वचन दिलं होतं.

जिन्यातच फोन वाजला. बंगळुरूहून तिचा सहकारी अभिराम.

"पुरावा तपासला. गणित एकदम करेक्ट आहे यार. पेट्यांतच गडबड आहे. बसवतानाची चाचणीची किल्ली आहे अजून माझ्याकडे. सातही आकडे उघडू का? दो मिनट का काम है."

"ती किल्ली अजून आहे?"

"राहिली मोडायची."

"मोड. आत्ता, मी फोनवर असतानाच."

"मोडली. मग तू काय करणार?"

"जिने चढणार," ती म्हणाली.

गच्चीवर उत्तरेच्या भिंतीला, पत्र्याच्या सावलीत, तिने स्वतः ठोकलेल्या खिळ्यावर पेटी होती. पण पेटी दिसत नव्हती. तिला गोणपाट गुंडाळलं होतं आणि गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

"काकू, हे काय?"

सुलोचनाबाई तांब्या घेऊन मागे उभ्याच होत्या. "अगं, तूच तर म्हणालीस, याला धूप लागू देऊ नका, सावलीत ठेवा. मटक्याला नाही का आपण गीलं कापड बांधत? तसंच. बिचारं दिवसभर टांगलेलं असतं."

"कधीपासून?"

"रविवारपासून. भजनाला सांगितलं मी सगळ्यांना. पद्माने तर खसची पट्टी लावली, कूलरमधल्या वाळ्याची. मोठी हौशी."

यशश्री तिथेच पायरीवर बसली. सावलीत ठेवा, एवढंच तिने सांगितलं होतं. का, ते सांगायचं राहिलं होतं.

"काकू, त्याला गरम झालेलं आपल्याला हवंय. त्याला थंड वाटलं, तर करार समजतो बळवंतदादालाही थंड वाटतंय."

सुलोचनाबाईंनी तांब्या खाली ठेवला. आतल्या खोलीत बळवंत खोकला.

"आज जाणार आहे तो कामावर," त्या म्हणाल्या. "नाही गेला तर नाव कटेल म्हणतो."

साडेनऊ ते दीड यशश्रीने बाकीच्या सहा गच्च्या केल्या. हजीऱ्यातल्या दोन पेट्यांवर गोणपाट, एकीवर जुनं धोतर. किला गेटला पद्माकाकूंची खसची पट्टी, तिथून चढावर दुसऱ्या घरी ओली चादर. थाटीपुरातली पेटी मात्र कोरडी. तिथल्या सीमंतिनीताई हसून म्हणाल्या, "मी भजनाला जातच नाही. त्या मला सूर नाही म्हणतात." यशश्रीने सगळीकडे कापडं सोडली, पेट्या पुसल्या, आणि या वेळी कारणही सांगितलं. ऑटोवाले चढावर यायला तयार नव्हते. पाण्याची बाटली दोनदा भरली, दोनदा संपली.

एक चाळीसला ती पुन्हा हजीऱ्यात आली, पहिली पेटी नीट वाळली का ते बघायला.

खिळा रिकामा होता. पेटी गच्चीच्या कठड्यावर, भर उन्हात, तापलेल्या फरशीच्या तुकड्यावर ठेवलेली होती.

"काकू."

"तूच म्हणालीस गरम हवं."

"खरं हवं, काकू. उन्हातलं नाही, हवेतलं. सावलीतलंच धरायचं ठरलंय."

"आणि दगड फोडतात ते सावलीत?" सुलोचनाबाईंचा आवाज चढला. "कोणाला कळणार आहे? तूच कसम खाऊन सांगितलंस ना, कुठल्या घराचा आकडा ते तुलासुद्धा दिसत नाही. मग राहू दे की."

हे खरं होतं. कुणालाही कळणार नव्हतं, कधीच. तिने ते इतकं काळजीपूर्वक बांधलं होतं की आता तिला स्वतःलाही तपासता आलं नसतं.

"गेला तो?" तिने विचारलं.

"गेला. रुमाल बांधून गेला."

यशश्रीने ओढणीत धरून पेटी उचलली. ओढणीतूनही पत्र्याचा चटका बसला. उत्तरेच्या भिंतीशी जाऊन तिने ती खिळ्यावर अडकवली, हवा यायच्या झडपा मोकळ्या आहेत ना ते पाहिलं.

"यशु," सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्याच्या जागी तुझा सख्खा दादा असता तर?"

ती भिंतीला टेकून बसली. सुलोचनाबाईंनी तांब्यातलं पाणी तिच्यापुढे सरकवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. दोघी फोनच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

दोन वाजून चार सेकंद. मिळालेल्या साक्षी सात. पुरावा वैध. हद्द चव्वेचाळीस. मधला आकडा त्रेचाळीस पूर्णांक नऊ.