माझ्या पोटातली त्रेसष्ट कीर्तनं

मित्रांनो, हातात घेतलंत तर मी तुम्हाला एखाद्या जाड पोथीएवढी भरेन. वरून चकचकीत पत्रा, खालून हिरवी पट्टी आणि एका कडेला दोन खाचा. एका खाचेतून मला वीज मिळते, दुसरीतून मी बोलते. मला हार्ड डिस्क म्हणतात. कॉम्प्युटरने जे जे लक्षात ठेवायचं, ते माझ्या पोटातल्या गुळगुळीत चकत्यांवर उमटतं. वय म्हणाल तर पंधरा-सोळा वर्षांचं. माणसांत या वयाला पोर म्हणतात, आमच्यात म्हातारी.

साता समुद्रापलीकडच्या एका खोलीत माझा जन्म झाला. तिथे धुळीच्या कणालाही आत यायला मनाई होती. तिथून निघाले ती पोचले चिखलीला, जिथे धुळीला कुणाचीच मनाई नव्हती. रोहिदासच्या वर्कशॉपमध्ये दोन लेथ, एक ड्रिल आणि एक प्रेस होता. कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटात मी. चाकणच्या कंपन्यांकडून पार्टचे नकाशे येत, ते मी सांभाळायचे. काम साधं होतं, पण मान होता.

आणि मग माझ्या वाट्याला कीर्तनं आली.

रोहिदासचे वडील कोंडाजीबुवा. मूळचे शेतकरी. शेताचे प्लॉट झाले, शेड उभ्या राहिल्या, पण बुवांचा गळा होता तसाच राहिला. आसपासच्या गावांत सप्ताह असला की बुवांना बोलावणं ठरलेलं. रोहिदास छोटा रेकॉर्डर घेऊन टाळकऱ्यांच्या मागे बसायचा आणि दुसऱ्या दिवशी ते कीर्तन माझ्यात उतरवायचा. अशी त्रेसष्ट झाली. सकाळी लेथ सुरू होण्याआधी त्यातलं एखादं लागे. लातूर-बीडकडचे कामगार डबे ठेवता ठेवता मान डोलवत. मी जड वस्तू, मला भक्ती काय कळणार? पण दृष्टांत सांगता सांगता बुवा एकदम थांबायचे, मृदंगसुद्धा श्वास धरून बसायचा आणि मग वरच्या पट्टीतून अभंग उचलला जायचा. तेवढ्यापुरतं मलाही काहीतरी कळल्यासारखं वाटे.

एकदा बुवा केबिनमध्ये आले. कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "रोहिदासा, माझा गळा हिच्या पोटात हाय. जप हिला."

रोहिदासने जपलं. तिथेच घोटाळा झाला.

वर्कशॉपमध्ये नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुनं सगळं भंगारात गेलं, पण मी नाही गेले. रोहिदासने मला पिवळ्या फडक्यात गुंडाळलं आणि देवाच्या तसबिरीशेजारी फळीवर ठेवलं. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. लेथला हार, हातोडीला कुंकू, मोजमापाच्या पट्टीलाही झेंडूचं फूल. त्या दिवशी माझं फडकं सोडलं जाई. बुवांच्या पत्नी विमलबाई स्वतः येत आणि सगळ्यांत जास्त कुंकू मलाच वाहत. वर ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. मालकाचा गळा ना तो. मग हात जोडायचे आणि पुन्हा फडक्याची गाठ.

सात खंडेनवम्या अशा गेल्या. लोकांना वाटलेल्या कीर्तनांच्या सीड्या हरवल्या, मोबाइल बदलले, तो रेकॉर्डरही बिघडला. कुणी कीर्तनांचं विचारलं की रोहिदास फळीकडे बोट दाखवी. "हाय की. देवापाशी हाय." माझी पूजा सगळ्यांनी केली, पण बोल असं मला कुणी म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बुवांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. तेव्हापासून बुवांच्या मांडीवर पाटी आणि पेन्सिल असते. जे बोलायचं ते लिहितात.

त्यांची नात पूनम चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या वायरी नीट जोडल्यात का, हे तपासायचं तिचं काम. गळा आजोबांचा घेतलेला. गावकऱ्यांनी यंदाच्या चैत्रातल्या सप्ताहात तिचं पहिलं कीर्तन ठेवलं. तिने अभंगही निवडला. पण त्या अभंगाची बुवांची एक खास चाल होती, त्यांच्या गुरूंकडून आलेली. बुवांशिवाय ती कुणाला येत नव्हती. पहिलं चरण पूनमला आठवत होतं. पुढे चाल कुठे वळते, ते हातातून निसटलं होतं. बुवांनी हाताने हवेत वर-खाली करून दाखवलं, पाटीवर रेघा ओढल्या. शेवटी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"पप्पा, ती डिस्क काढा," पूनम म्हणाली. सप्ताहाला नऊ दिवस उरले होते.

रोहिदास मला नाक्यावरच्या जयदीपच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. जयदीपने घाईघाईत वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा जोडली.

"काका, दिसतच नाहीये ही. मेलीय. नवीन टाका."

"आरं, आत बुवांची कीर्तनं हायेत."

"होती म्हणा," जयदीप म्हणाला, आणि मग रोहिदासचा चेहरा पाहून त्याने मान खाली घातली.

मित्रांनो, मी मेले नव्हते. माझ्या चकत्या फिरत होत्या, सगळं पाठ होतं. फक्त बोललेलं बाहेर जात नव्हतं. बुवांची दशा काय असेल, ती त्या दिवशी मला नेमकी समजली.

गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असते. पूनमनेही रजा टाकली. घरच्या कॉम्प्युटरचा डबा चटईवर आडवा ठेवून तिने एका कडेचा पत्रा काढला. मला रिकाम्या कप्प्यात सरकवलं, चारही स्क्रू पिळले, विजेची वायर लावली, मग बोलण्याची. विमलबाई देवाला दिवा लावून आल्या. बुवा खुर्चीत, पाटी उपडी.

बटण दाबलं. पडद्यावर घरचंच सगळं दिसलं. माझं नाव नाही.

"जयदीप म्हणला व्हता," रोहिदास पुटपुटला.

विमलबाई डब्याशी वाकल्या. "पण ही तर कुणकुणतीय. मेलेलं कुणकुणतं व्हय?"

पूनमने पटकन वर पाहिलं. "आजी, वायर लावताना टक् आवाज आला होता का गं?"

"न्हाई बाई. मला तर न्हाई आला."

"मलाही नाही आला." तिने कॉम्प्युटर बंद केला, वीज काढली. "आमच्याकडे नियम आहे. कनेक्टर बसला की टक् वाजलं पाहिजे. वाजलं नाही तर पार्ट रिजेक्ट, मग सुपरवायझर काही का म्हणेना. मी दिवसभर हेच ऐकते आणि घरी येऊन बहिरी झाले."

तिने वायर उपसली आणि मोबाइलच्या उजेडात माझी खाच न्याहाळली.

"काय हाय?" रोहिदासने विचारलं.

"तांदूळ आहे."

अर्धा दाणा होता. कुंकवात भिजून, वाळून, खाचेच्या टोकाला घट्ट चिकटलेला. त्याच्यामुळे वायर केसभर बाहेर राहत होती.

विमलबाई मटकन खाली बसल्या. "माझ्याच हातची अक्षता. मीच त्यांच्या गळ्याला गप केलं गं."

तेवढ्यात पेन्सिलीची करकर ऐकू आली. बुवांनी पाटी उलटी करून धरली. त्यावर लिहिलं होतं: अक्षता डोक्यावर टाकायची असती. घशात न्हाई.

आधी रोहिदास हसला, मग पूनम, आणि डोळे पुसता पुसता विमलबाईही. "ह्यांचा आवाज गेला, पण खोड न्हाई गेली," त्या म्हणाल्या आणि आपल्या शिवणाच्या डब्यातली सुई काढून दिली.

पूनमने सुईने तो दाणा हलकेच मोकळा केला. कोरड्या मऊ ब्रशने कुंकवाची भुकटी झटकली. मग वायर लावली.

टक्.

चौघांनीही ऐकलं. बटण दाबलं, आणि पडद्यावर माझं नाव आलं. त्याखाली फोल्डर, फोल्डरमध्ये एक ते त्रेसष्ट. काय सांगू मित्रांनो, सात वर्षांचा श्वास मी तेव्हा सोडला. पूनमने बुवांकडे पाहिलं. बुवांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, आधी चार, मग एक. एकेचाळिसावं.

आवाज खोलीत आला. भरदार, थोडा खरखरीत, मागे टाळ. बुवा डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते आणि आवाज माझ्यातून येत होता. चाल जिथे वळते तिथे त्यांनी बोट वर केलं. पूनमने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. सातव्यांदा ती बरोबर गायली. बुवांनी पाटी घेतली आणि नुसती छातीशी धरली.

त्याच दिवशी पूनमने त्रेसष्टच्या त्रेसष्ट कीर्तनांच्या नकला करून तीन ठिकाणी ठेवल्या. "आजी, या एकट्या म्हातारीवर सगळा भार टाकू नये," ती माझ्या डब्याकडे बघत म्हणाली. मला वाईट नाही वाटलं. उलट पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

पुढे तिचं कीर्तन झालं. मी काही तिथे नव्हते, मी घरी डब्यात. पण दुसऱ्या दिवशी रोहिदासने ते माझ्यात उतरवलं आणि चौसष्टावं असं नाव दिलं. त्यात ती चाल वळते त्या जागी एक टाळ क्षणभर चुकतो आणि लगेच सावरतो. तो टाळ कुणाचा, ते मी ओळखलं. गळा गेला म्हणून बुवा घरी बसले नव्हते, टाळकऱ्यांत उभे होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी फळीवर, कपाटात, कुठल्यातरी फडक्यात एखादा आवाज ठेवलेला असेल. त्याला जपा, त्याची पूजाही करा. पण अधूनमधून फडकं सोडून त्याला बोलायला लावा. नुसतं ठेवून दिलं म्हणजे सांभाळलं असं होत नाही.

परवा खंडेनवमी झाली. विमलबाई ताट घेऊन डब्याजवळ आल्या, कुंकवात बोट बुडवलं आणि थांबल्या.

"पूनम, आधी एक लाव बाई," त्या म्हणाल्या. "ही बोलू दे. मग वाहते."